खुनाच्या गुन्ह्यातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा: सामाजिक तपासणी अहवाल कसा तयार करावा

बाल न्याय मंडळाचा सामाजिक तपासणीचा, म्हणजे मुलाचं घर, शाळा, प्रकृती यांची चौकशी करून अहवाल देण्याचा आदेश हातात पडतो तेव्हा सोबत पोलिसांनी भरलेला नमुना १ (मुलाच्या पार्श्वभूमीचा अहवाल) असतो. ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने तो मुलाला ताब्यात घेण्याच्या धावपळीत भरलेला असतो. त्यात ठरलेले शब्द हमखास सापडतात: 'वाईट संगत', 'व्यसनी', 'आईवडिलांचे ऐकत नाही'. ही माहिती नव्हे, हे शेरे आहेत. परिविक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे ही चौकशी करून मंडळाला अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्याने, अशा प्रत्येक शेऱ्याच्या जागी तारीख, माणूस आणि घटना आणून ठेवायची असते. ते जमलं नाही तर शेरा अहवालात घ्यायचा नाही. पुढची सगळी पद्धत याच एका नियमातून निघते.

आधी कलम आणि वय

घरी जाण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर पक्क्या करा. पहिली म्हणजे गुन्ह्याचं आजचं कलम. भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ (खून) असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे तो किमान सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा, म्हणजे कोर्टात सगळे ज्याला 'हीनस' (अतिगंभीर) म्हणतात त्या वर्गातला गुन्हा होतो. खुनाच्या प्रयत्नाचं कलम १०९ किंवा सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ असेल तर तसं होत नाही, कारण १०९ मध्ये किमान शिक्षाच ठरवलेली नाही आणि १०५ मधली सात वर्षांपर्यंत पोहोचत नाही. जखमी माणूस आठवड्याने दवाखान्यात दगावला की १०९ चं १०३ होतं. म्हणून पहिल्या दिवशीच्या एफआयआरवर विसंबू नका, अहवाल देण्याच्या आदल्या दिवशी तपास अधिकाऱ्याला कलम पुन्हा विचारा.

दुसरी गोष्ट वय, आणि तेही गुन्ह्याच्या तारखेचं. सोळा पूर्ण झालेले असतील तरच बाल न्याय अधिनियमाच्या कलम १५ खालचं (पुढची सुटी कलमंही याच अधिनियमातली) प्राथमिक मूल्यांकन होतं आणि मुलाला प्रौढासारखं बाल न्यायालयात पाठवायचं का हा प्रश्न उभा राहतो. सोळाच्या आतल्या मुलाचं प्रकरण खुनाचं असलं तरी मंडळच निकाली काढतं आणि विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं. कलम ९४ चा क्रम ठरलेला आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या मंडळाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. हाडांच्या चाचणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. सोळाच्या उंबरठ्यावरच्या मुलासाठी तो फरक केवढा, हे सांगायला नको.

महाराष्ट्रातला नेहमीचा सापळा म्हणजे १ जून. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून टाकून मोकळे होतात. दाखल्यावर ही तारीख दिसली की पहिल्या शाळेचं जनरल रजिस्टर, अंगणवाडीची नोंद, लसीकरणाचं कार्ड आणि भावंडांच्या जन्मतारखा ताडून पाहा. सात महिन्यांच्या अंतराने जन्मलेली दोन सख्खी भावंडं कागदावर सापडतात, ती इथेच. वय ठरवणं मंडळाचं काम आहे. तुम्ही फक्त विसंगती नोंदवून कागद जोडा.

पंधरा दिवस कसे वापरायचे

अहवालाची पंधरा दिवसांची मुदत मुलाला मंडळासमोर पहिल्यांदा हजर केल्याच्या तारखेपासून मोजली जाते, आदेश तुमच्या टेबलावर आला त्या तारखेपासून नाही. आदेश चौथ्या दिवशी आला तर हातात अकराच दिवस उरतात. पहिलं काम पत्रं पाठवण्याचं: आजवरच्या प्रत्येक शाळेला, उपचार घेतलेल्या दवाखान्यांना, पूर्वी कधी बाल कल्याण समितीसमोर आला असेल तर समितीला. उत्तरं सगळ्यात उशिरा तिथूनच येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलाची पहिली भेट, पुढच्या पाच दिवसांत गृहचौकशी, शाळा आणि कामाची जागा, दहाव्या दिवसाच्या सुमारास मुलाची दुसरी भेट, मग राहिलेली छिद्रं बुजवणं. लिहायला पूर्ण दोन दिवस ठेवा. एका संध्याकाळी लिहिलेला अहवाल ओळखू येतो: त्यातल्या कुटुंबाच्या परिच्छेदात नाव बदललं की तो कुठल्याही मुलाला लागू पडतो.

प्राथमिक मूल्यांकनाला पहिल्या हजेरीपासून तीन महिने आहेत. ही मुदत बंधनकारक नसून मार्गदर्शक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं आहे. ती सवलत तुमच्या अहवालाला लावून घेऊ नका.

मुलाशी बोलणं

निरीक्षण गृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) जाऊन, पोलिसांच्या कानावर पडणार नाही अशा खोलीत, दरवाजा दिसेल अशा जागी मुलाला बसवून बोला. एका बैठकीला पाऊण तास पुरे, आणि किमान दोन बैठका हव्यातच. मुलगी असेल तर महिला अधिकारी हवी. मुलगा घरी अहिराणी, गोंडी किंवा पारधी बोलत असेल आणि प्रमाण मराठीत नुसता मान डोलवत असेल तर दुभाषा घ्या. तो पोलीस ठाण्यातला नको, नातेवाईकही नको.

सुरुवातीला तीन गोष्टी साध्या शब्दांत सांगा: तुम्ही कोण, हे बोलणं कशासाठी, आणि तुम्ही जे लिहाल ते मंडळ वाचणार आहे. तिसरी गोष्ट बरेच जण गाळतात. 'मी तुझ्याच बाजूचा आहे, मला सगळं सांग' असं म्हणून मिळवलेली माहिती म्हणजे फसवणूक, आणि दुसऱ्या भेटीपर्यंत ती मुलाच्या लक्षात आलेली असते.

गुन्ह्यापासून सुरू करू नका. त्या रात्री काय झालं हे शोधणं तुमचं काम नाही. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या मनात गुन्हेगारी हेतू नाही असं गृहीत धरायला कायदा सांगतो, आणि अहवाल हा कबुलीजबाब नव्हे. नमुना ६ मध्ये, म्हणजे या अहवालाच्या ठरलेल्या नमुन्यात, मुलाच्या कथित भूमिकेचा रकाना आहे. तो 'पोलीस कागदपत्रांनुसार' असा उल्लेख करून भरा. मुलगा आपणहून घटनेबद्दल बोलू लागला तर त्याला हळूच थांबवा, हे वकिलांशी बोलायचं असं सांगा, आणि त्याला वकील मिळाला आहे की नाही ते त्याच दिवशी पाहा. नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवा.

विचारायचं काय? तर दिनक्रम. सकाळी कोण उठवतं, जेवायला कोण वाढतं, रात्री कुठे आणि कोणाशेजारी झोपतो, पैसे लागले की कोणाकडे मागतो, घरात कोणी चिडलं की पुढे काय होतं, आजारी पडलास तर कोण नेतं. 'शाळा का सोडलीस?' याला 'कंटाळा आला' एवढंच उत्तर येतं. 'शाळेतला शेवटचा दिवस आठवतो का? घरातून निघाल्यापासून सांग' असं विचारलं की फी, मार, मस्करी, बहिणीचं लग्न, बापाचा अपघात असं एकेक बाहेर पडतं. 'का' ने सुरू होणारा प्रश्न या वयाच्या मुलाला उलटतपासणीसारखा वाटतो.

घाबरलेला मुलगा प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणतो. तपासायचं असेल तर तोच मुद्दा नंतर उलटा विचारा. 'घरी भांडणं होतात?' ला हो आणि 'घरी शांत असतं ना?' लाही हो आलं, तर दोन्ही उत्तरं बाजूला ठेवा आणि प्रसंग सांगायला लावा. तारखा त्याला आठवणार नाहीत. दिवाळी, गावची जत्रा, ऊसतोडीचा हंगाम, सहामाही परीक्षा, २०२० चं लॉकडाऊन यांच्या आधी की नंतर, असं विचारत जा.

छापील मजकुराच्या चार ओळी वाचायला द्या. नववीपर्यंत गेलेला मुलगा अक्षर अक्षर लावत वाचतो, हे अनेकदा इथे पहिल्यांदाच कळतं. आठवीपर्यंत वर ढकलत आणलेली मुलं नववीला आपटतात आणि शाळा सुटते. फाईलमध्ये त्याचं 'अभ्यासात रस नाही' होतं.

पहिल्या आठवड्यात आत्महत्येच्या विचारांबद्दल स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी असेल, किंवा मुलगा निरवानिरवीचं बोलत असेल, तर अहवालाची वाट न पाहता निरीक्षण गृहाच्या अधीक्षकांना त्याच तासात लेखी कळवा.

नशा आणि प्रकृती

'व्यसनी' या शब्दाचे तुकडे करा: कोणता पदार्थ, कितव्या वर्षापासून, कोणी पहिल्यांदा दिला, आठवड्यातून किती वेळा, शेवटचा कधी. मुलांना औषधाचं नाव माहीत नसतं, बाजारातलं नाव माहीत असतं. 'बटन', 'कुत्ता गोळी', 'सोल्युशन', व्हाइटनर हे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, गोळीचा रंग आणि पाकीट विचारा, आणि ओळखण्याचं काम डॉक्टरांवर सोडा. झोपेच्या वर्गातल्या गोळ्या किंवा रोजची दारू अचानक बंद झाली तर पहिल्या काही दिवसांत थरथर, निद्रानाश, प्रसंगी फिट येऊ शकते. त्या अवस्थेतल्या मुलाची मुलाखत घेऊन 'चिडखोर, असहकार करतो' असं लिहिणं म्हणजे आजाराला स्वभाव म्हणणं. आधी डॉक्टर, मग मुलाखत.

डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला होता का, फिट येतात का, लहानपणी मेंदूज्वर किंवा मोठा ताप आला होता का, उशिरा बोलायला-चालायला लागला का, हे आईला किंवा आजीला विचारा. वडिलांना सहसा सांगता येत नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर खोदून खोदून विचारू नका. पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कळवणं बंधनकारक आहे, आणि सविस्तर जबाब घेणं प्रशिक्षित माणसाचं काम आहे.

गृहचौकशी

मजुरी करणाऱ्या घरी दुपारी बाराला जाऊन 'पालक घरी आढळले नाहीत' असं लिहिलेले अहवाल कमी नाहीत. संध्याकाळी सातनंतर जा, सरकारी गाडी लांब उभी करा. आईशी आणि वडिलांशी वेगवेगळं बोला. घरात किती माणसं, खोल्या किती, मुलाची झोपायची जागा, त्याचं दप्तर किंवा कपडे अजून कुठे ठेवलेले आहेत का, हे डोळ्यांनी पाहून लिहा. मुलाच्या वस्तू आधीच बांधून माळ्यावर टाकलेल्या असतील तर त्या घराने त्याला परत घेण्याबद्दल काय ठरवलंय, ते न बोलता कळतं. तरी अहवालात 'वस्तू माळ्यावर होत्या' एवढंच लिहा. निष्कर्ष मंडळाला काढू द्या.

खुनानंतर शेजारी जे सांगतात ते सगळ्यात कमी भरवशाचं. घटना घडली की गल्लीतल्या प्रत्येकाला 'आधीपासूनच वाटत होतं'. 'मुलगा कसा होता?' असं विचारूच नका. 'गेल्या गणपतीत तो कुठे होता, काय करत होता?' असं विचारा. स्वतः पाहिलेलं सांगतो तो एक शेजारी, ऐकीव सांगणाऱ्या दहांपेक्षा उपयोगाचा.

बळी घरातलाच असेल, म्हणजे वडील, सावत्र बाप, काका, तर सगळंच अवघड होतं. उरलेले नातेवाईक एकाच वेळी मृताचे वारस, साक्षीदार आणि मुलाचे पालक असतात. आई आज मुलाच्या बाजूने बोलेल, तेराव्यानंतर दिरांच्या दबावाने उलट बोलेल. अशा घरी दोनदा जा, दोन्ही वेळचं बोलणं तारखेसह वेगळं लिहा, आणि आजोळच्या माणसांना गाठा. वर्षानुवर्षांची मारहाण असेल तर तिचा माग आशाताईंकडे, शाळेतल्या बाईंकडे, दवाखान्याच्या केसपेपरवर किंवा आईने ठाण्यात दिलेल्या जुन्या अदखलपात्र तक्रारीत सापडतो. तो कागद मिळवा. नुसतं 'घरात तणाव होता' कोणाच्याच कामाचं नाही.

मृताच्या कुटुंबाकडे गृहचौकशीसाठी जाऊ नका. पण दोन्ही घरं एकाच वस्तीत आहेत का, सूडाच्या धमक्या आल्या आहेत का, मुलाला राहायला दुसरीकडे सुरक्षित जागा आहे का, हे नोंदवा. कलम १२ खाली जामिनाचा विचार करताना मंडळ नेमकं हेच पाहतं: सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल का, किंवा त्याच्या जिवाला वा मनाला धोका होईल का.

एक इशारा जातीबद्दल. पारधी किंवा इतर विमुक्त समाजातल्या मुलाच्या कागदांवर 'जमात गुन्हेगारी प्रवृत्तीची' असा सूर अजूनही येतो. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तो सूर तुमच्या अहवालात एका विशेषणानेही उतरू देऊ नका.

शाळा, काम, संगत

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक: चांगली' असतं. ते सगळ्यांच्याच दाखल्यावर असतं, त्यामुळे त्याला वजन नाही. हजेरीपट मागा. सलग गैरहजेरीचे महिने खूप बोलतात: दर वर्षी दिवाळीनंतर नाव गायब आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत, तर घर ऊसतोडीला जातं, फेब्रुवारीत एकदाच तीन आठवडे, तर काहीतरी घडलं आहे. मुख्याध्यापकांशी सौजन्याने बोला, माहिती मात्र वर्गशिक्षकांकडे आणि शाळेच्या शिपायाकडे मिळेल.

'वाईट संगत' म्हणजे कोण? वय विचारा. सोळा वर्षांच्या मुलाभोवती बावीस-पंचवीसचे 'भाई' असतील, मोबाइल, गाडी, जेवण त्यांच्याकडून येत असेल, तर ही मैत्री नसून वापर असू शकतो. मुलांना बेकायदा कामात वापरणाऱ्या प्रौढांसाठी कलम ८३(२) मध्ये सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांचा दंड आहे. स्टेटसला कोयता लावलेला फोटो ही नोंद होऊ शकते, पण तारीख, कोणी काढला आणि तेव्हा सोबत कोण होतं हे नसेल तर तो फक्त भडक तपशील राहतो. मोबाइलची तपासणी पोलिसांचं काम आहे. मुलाचा पासवर्ड मागू नका.

कालरेषा

लिहायला बसण्याआधी मोठ्या कागदावर जन्मापासून वर्षं मांडा. प्रत्येक वर्षाखाली चार ओळी: घर, शाळा, प्रकृती, हानी (मृत्यू, स्थलांतर, तुरुंग, वेगळं होणं). शेवटचे तीन महिने आठवड्यागणिक मांडा. रिकामी राहिलेली घरं म्हणजे दुसऱ्या भेटीचे प्रश्न. दहाव्या वर्षापर्यंत सरळ चाललेली रेषा जिथे मोडते, तिथे कोणत्या यंत्रणेने काय केलं किंवा केलं नाही तेही लिहा. शाळाबाह्य झाल्यावर कोणी विचारायला आलं का? पूर्वी हरवल्याची नोंद होती का?

लिहिताना

प्रत्येक विधानाचा उगम वाक्यातच असू द्या: कागदावरून, पाहिलेलं, की सांगितलेलं. नमुन्यादाखल, 'आक्रमक स्वभाव' च्या जागी असं येतं: 'वर्गशिक्षकांच्या सांगण्यानुसार आठवीत दोन मारामाऱ्या, दोन्ही वेळा वडिलांच्या तुरुंगवासावरून चिडवल्यानंतर, दुसऱ्या प्रसंगानंतर हजेरीपटात अकरा दिवस गैरहजर.' लांबी वाढते, पण मंडळाला त्यावर निर्णय घेता येतो. दोन माणसं परस्परविरोधी सांगत असतील तर दोन्ही लिहा, सरासरी काढू नका.

'आरोपी', 'गुन्हेगार', 'अटक' हे शब्द टाळा; त्यांच्या जागी 'विधिसंघर्षग्रस्त बालक', 'ताब्यात घेतले' असं लिहा. शिफारशीत 'समुपदेशनाची गरज आहे' एवढंच लिहून सोडू नका. कोण करणार, कुठे, आठवड्यातून किती वेळा, घरून यायला भाडं कोण देणार, हे लिहा. सांभाळायला तयार असलेल्या नातेवाईकाचं नाव घालण्यापूर्वी त्याच्याशी समक्ष बोला. कागदावर तयार असलेले मामा प्रत्यक्षात फोन उचलत नाहीत.

प्राथमिक मूल्यांकनासाठी कलम १५ चार गोष्टी विचारतं: मानसिक क्षमता, शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि परिस्थिती. १३ जुलै २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मानसिक क्षमता आणि परिणाम समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मंडळात बालमानसशास्त्राची पदवी असलेला व्यावसायिक नसेल तर मानसतज्ज्ञांची मदत घेणं अनिवार्य आहे. म्हणून 'मुलाला परिणामांची जाणीव होती' हे वाक्य तुम्ही लिहू नका. रोजच्या जगण्यातले पुरावे द्या: एकटा एसटीने जातो का, हिशेब करतो का, कबूल केलेलं काम पार पाडतो का, मोठ्यांच्या सांगण्यावरून आधी काय काय केलं आहे, चूक झाल्यावर पूर्वी कसा वागला. बुद्ध्यंकाचा आकडा जोडलेला असेल तर कसोटी कोणत्या वयासाठी आहे ते पाहा. मालिनची भारतीय मुलांसाठीची कसोटी पंधरापर्यंतच्या वयासाठी आहे. सतरा वर्षांच्या मुलावर तिचा आकडा टेकवला असेल तर तसं मानसतज्ज्ञांच्या आणि मंडळाच्या लक्षात आणून द्या.

कागद सांभाळणं

कलम ९९ प्रमाणे अहवाल गोपनीय आहे आणि कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शाळेचं नाव, गल्ली आणि वडिलांचा धंदा एकत्र आला की नाव न छापताही ओळख पटते. पत्रकाराचा फोन आला तर 'प्रकरण मंडळापुढे आहे' यापलीकडे शब्द नको. व्हॉट्सॲपवर नमुना ६ चा फोटो वरिष्ठांनाही पाठवू नका. कॉम्प्युटरवर टायपिंग बाहेरच्या दुकानात करून घेतलं असेल तर तिथली फाईल पुसून या.

मुदतीत एखादा दवाखाना किंवा शाळा उत्तर देत नसेल तर अहवाल अडवून ठेवू नका. मागितल्याची तारीख लिहा, 'उत्तर प्रलंबित' असा उल्लेख करा, आणि कागद आला की दोन पानांचा पुरवणी अहवाल मंडळाला द्या, मूळ अहवालातलं कोणतं वाक्य त्यामुळे बदलतं ते क्रमांकासह दाखवून.